आमच्या घरावरचा ‘कच्चे’ हा शेरा मागे घ्या

घर कच्चं की पक्कं हे ठरवणाऱ्या, गावच्या चावडीपासून मंत्रालयापर्यंतच्या सर्व अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ओटीवर एक नोटीस आली. मजकूर छापील, सगळ्यांना एकच. नाव आणि घर क्रमांक तेवढा पेनानं भरलेला. ‘आपले घर कच्चे व धोकादायक असून पावसाळ्यापूर्वी ते उतरवून घ्यावे, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्त हानीस आपण जबाबदार राहाल.’ त्या दिवशी आमच्या वाडीत अकरा घरांना ही नोटीस मिळाली. अकराही घरं मातीची. गेल्या श्रावणात ज्या घराच्या स्लॅबमधून चालत्या पंख्यावर पाणी टपकत होतं, त्याला काही मिळाली नाही.

नोटीस काढण्याआधी घर पाहायला कोणी आलं होतं का, असं मी विचारलं. नव्हतं. मग धोकादायक कसं ठरलं? ‘यादीत कच्चे आहे ना, म्हणून.’ यादीत कच्चे कुणी लिहिलं? ‘ते सर्व्हेत आलंय.’ सर्व्हे कुणी केला? तो मुलगा आता दुसऱ्या तालुक्यात असतो.

मी बावीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं भरली. पोराचं वजन, उंची, दंडाचा घेर, लसी, खिचडीचे किलो. तेव्हा रकाना म्हणजे काय चीज असते ते मला कुणी शिकवायला नको. चुकीच्या रकान्यात एक खूण पडली की ती पुढच्या पानावर जाते, तिथून बीटच्या बैठकीत, तिथून तालुक्याला, आणि मग धडधाकट पोर कागदावर कुपोषित होऊन बसतं. आमच्या घराचं नेमकं हेच झालंय. हे पत्र मी रागानं लिहीत नाही. पण गप्पही बसणार नाही, कारण उद्या याच नोटिशीच्या जोरावर कुणीतरी खरंच घर उतरवायला येईल.

घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलं. ते मुंबईला गिरणीत साच्यावर होते. १९३४ साली गिरण्यांचा मोठा संप झाला, खोलीचं भाडं परवडेना, तेव्हा ते गावी परत आले. लाकूड आधीची चार-पाच वर्षं जमवणं चालूच होतं. दर खेपेला रजेवर आले की एखादं झाड पाडायचं, व्हाळाच्या कोंडीत एक पावसाळा बुडवून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला काढून सावलीत सुकत घालायचं. झाडं अवसेला तोडायची, म्हणजे भुंगा लागत नाही, असं सासूबाई सांगतात. खरंखोटं मला माहीत नाही. भुंगा लागलेला नाही एवढं माहीत आहे.

खांब आणि तुळया ऐनाच्या, वासे किंजळीचे, दारं आणि चौकटी फणसाच्या. सगळं आपल्याच परड्यातलं आणि वरच्या रानातलं. जोतं चिऱ्याचं. सुतार पलीकडच्या वाडीतले दोघे भाऊ. त्यांची मजुरी भाताच्या मापानं चुकती केली. भिंतींची माती आजेसासूबाईंनी आणि त्यांच्या दोघी जावांनी तुडवली, त्यात भाताचं तूस घालून. एक रद्दा घालायचा, तो सुकू द्यायचा, मग त्यावर दुसरा. ओटीवरच्या तुळईवर ‘शके १८५६’ कोरलंय. सर्व्हेवाल्या मुलानं ‘बांधकामाचं वर्ष?’ असं विचारलं तेव्हा मी त्याला वर बघायला सांगितलं. त्यानं बघितलं, मग फोनकडे बघितलं आणि म्हणाला, ‘काकी, शके टाकायला नाही येत इथं.’

आता थोडं आत या. कागदावर न मावणारी एक गोष्ट दाखवते.

ओटीवरच्या दुसऱ्या खांबाच्या माथ्याशी, तुळई जिथं त्यावर बसते तिथं, पटाशीनं मारलेल्या तीन आडव्या रेघा आहेत. तुळईच्या त्या टोकालाही तशाच तीन. पहिल्या खांबाला दोन, तिसऱ्याला चार. लहानपणी माझ्या नवऱ्याला वाटायचं की हे सुतारांनी खेळताना केलंय. तसं नाही. सगळं घर आधी अंगणात जमिनीवर आडवं जुळवलं होतं. कुठलं कुसू कुठल्या खाचेत बसतं याची ती खूण आहे. मग सगळं सुटं केलं आणि जोत्यावर उभं करताना दोनाला दोन, तीनाला तीन असं परत बसवलं. खिळा नाही. जिथं आवळायचं तिथं लाकडाचीच पाचर. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडी तळखड्यांवर नुसते टेकलेत, म्हणजे वाळवीला थेट मातीतून वर यायला वाट नाही. दर तीन-चार वर्षांनी त्यांच्या बुंध्याला डिंबेल लावतो. काजूच्या टरफलाचं ते काळं तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. पण वाळवी त्याच्या जवळ येत नाही.

याचा अर्थ असा की या घरातला एखादा वासा कुजला तर तो एकटा काढता येतो. खांब कुजला तर तुळईला टेकू देऊन खांब बदलता येतो. गरज पडली तर अख्खं घर सुटं करून दुसऱ्या जागी उभं करता येतं. आमच्या पंचक्रोशीत तशी दोन घरं आहेत. स्लॅबचं घर एकदा बिघडलं की काय होतं ते तुम्हीच बघा. आमच्या खाऱ्या हवेत सळी गंजते, फुगते, सिमेंटचे पोपडे पडतात, मग गळतं, मग लोक स्लॅबच्या डोक्यावर पत्र्याची शेड मारतात. कोकणात कुठल्याही रस्त्यानं जा, निम्म्या स्लॅबांवर शेड दिसेल. पक्क्या छपरावर आणखी एक छप्पर! आमच्या आजोबांना हा विनोद फार आवडला असता.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा सासूबाई या घरात नव्या नवरी होत्या. त्या सांगतात, घर बैलगाडीसारखं कुरकुरलं, कौलं सरकली, उतरंडीची दोन मडकी फुटली. सकाळी सासऱ्यांनी पाचरी ठोकून घेतल्या आणि कौलं नीट लावली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आंब्याची फांदी मागच्या छपरावर पडली. दोन वासे मोडले, दीडेकशे कौलं गेली. मोडलेल्या वाशांच्या जागी माळ्यावर जपून ठेवलेले दोन घातले आणि सहा दिवसांत छप्पर पहिल्यासारखं केलं. त्याच वादळात पलीकडच्या शेडचे पत्रे आमच्या मळ्यात येऊन पडले होते. त्या पत्र्यांना तुमच्या यादीत काय म्हणतात ते पुढे सांगते.

आता तक्रारी. एकेक करून सांगते, काही लांबतील.

पहिली तक्रार खुद्द त्या शब्दाची. २०११ च्या जनगणनेत आणि त्याच वर्षीच्या सामाजिक-आर्थिक पाहणीत भिंतींना क्रमांक होते. गवत-बांबू, प्लास्टिक, माती किंवा कच्ची वीट, लाकूड, आणि चुना-सिमेंट न वापरता रचलेला दगड, हे पहिले पाच. पाहणीत हे पाचही कच्चे धरले. त्यापुढे पक्क्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत कोण आहे? पत्रा! जस्ताचा असो, सिमेंटचा असो, पक्का. छपराचं तसंच. हातानं घडवलेले कुंभाराचे नळे कच्चे, यंत्रावरचं कौल पक्कं, पत्रा पक्का. म्हणजे आमच्या मळ्यात उडून आलेला पत्रा पक्का आणि जागचा न हललेला ऐनाचा खांब कच्चा. नुसत्या ओंडक्यांवर ओंडके रचून घरं बांधणारे थंड मुलुखातले लोक आहेत. नॉर्वेत तर लाकडाची आठशे-नऊशे वर्षांची देवळं उभी आहेत आणि त्यातलं ऊर्नेसचं देऊळ १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्या यादीत ते कच्चं भरलं असतं.

आमच्या घराच्या बाबतीत तर आणखी गंमत. पुढचं छप्पर मंगलोरी कौलांचं आहे. मंगळूरला बाझेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिथून निघणारी कौलं गलबतांनी आपल्या बंदरांत येऊ लागली; आमची कौलंही तशीच आलेली, पाठीवर कारखान्याचा छाप असलेली. यंत्रावरची, म्हणजे तुमच्याच हिशोबानं पक्की. मागच्या पडवीवर मात्र अजून कुंभाराचे नळे आहेत. सर्व्हेवाल्या मुलाला पुढच्या अंगणात रेंज मिळेना. रेंज गोठ्यामागे येते. त्यानं तिथं उभं राहून फोटो काढला. फोटोत आला पडवीचा नळ्यांचा कोपरा, गवताची गंजी आणि आमची म्हैस. छप्पर कच्चे.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला दिवसाला ठरलेली घरं उरकायची होती आणि ॲपमध्ये होते तेवढेच पर्याय निवडायचे होते. चहा प्याला, ओटीवर पंख्याशिवाय बसला आणि जाताना म्हणाला, ‘काकी, इथं गार वाटतं हो.’ गार वाटण्याचा रकाना नव्हता.

दुसरी तक्रार घरपट्टीच्या वहीची. नमुना ८ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, इमारतींचे चार प्रकार असतात. सगळ्यात खालचा प्रकार आहे ‘झोपडी किंवा मातीची इमारत’. दोन्ही एकाच ओळीत. चार काठ्यांवर टाकलेली ताडपत्री आणि माजघर, देवघर, माळा असलेलं तीन पिढ्यांचं घर यात फरक करायची सोय या वहीत नाही. वर जसं घराचं वय वाढतं तसा घसारा वाढतो आणि किंमत उतरते. पट्टी कमी येते ते बरंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही किंमत पट्टीपुरती राहत नाही. घर दुरुस्तीसाठी कर्ज मागायला गेलं की हीच वही पुढे ठेवावी लागते, आणि पलीकडचा माणूस ती बघून मान हलवतो.

तिसरी तक्रार घरकुलाची, आणि ती सगळ्यात मोठी.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या नावानं घरकुल मंजूर झालं. आमच्या घराच्या तोंडी वाटण्या झाल्यात. अर्धं आमच्याकडे, अर्धं चुलत सासऱ्यांकडे. आमच्या वाट्याला माजघर आणि स्वयंपाकघर. ओटी, पडवी आणि माळा यांना खोली धरत नाहीत, म्हणून आम्ही दोन खोल्यांच्या कच्च्या घरात राहणारे ठरलो आणि यादीत बसलो. मंजूर झालं ऐकून सासूबाईंनी गूळ वाटला. त्यांना वाटलं, आता पश्चिमेची भिंत नीट करून घेऊ, न्हाणीघराला लाद्या बसवू.

मग कळलं की पैसे दुरुस्तीला नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, ते नवीन घराला, किमान २५ चौरस मीटरच्या. आमची ओटी आणि पडवीच मिळून तेवढी भरेल. आम्ही म्हटलं, बरं, नवीन कुठं बांधू? आमच्या नावावर घरापुरती दुसरी जागा नाही. आहे ती सामाईक, सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातली सहा मुंबईत. ‘मग जुनं पाडा, तिथंच बांधा.’ असं तोंडी सांगितलं, लेखी कुणी दिलं नाही. मी विचारलं, अर्धं घर कसं पाडायचं? आढं एकच आहे. आमच्या बाजूचे खांब काढले की चुलत सासऱ्यांच्या डोक्यावर छप्पर येईल. यावर उत्तर मिळालं, ‘ते तुमचं तुम्ही आपसांत बघा.’

नालासोपाऱ्याहून धाकट्या भाऊजींचा फोन आला. ‘वहिनी, देतायत ते घ्या. गणपतीला आलो की पोरांना झोपायला नीट खोली तरी होईल.’ त्यांचंही चुकत नव्हतं. चार रात्री घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, ‘माझ्या नावानं आलंय ना? मग मी नको म्हणते.’ तसं त्यांच्याकडून लिहून घेतलं. अंगठा नाही, सही, चौथी शिकल्यात. त्या कागदावर पाडायला सांगितल्याचा एक शब्द नाही. ‘लाभार्थी स्वेच्छेने लाभ नाकारत आहे.’ स्वेच्छेने!

ठळक सांगायचं ते हे की दुरुस्तीला पैसे देता येत नाहीत हा काही निसर्गनियम नाही. याआधीच्या इंदिरा आवास योजनेत १९९९-२००० पासून निधीचा काही भाग, २० टक्क्यांपर्यंत, जुन्या घरांच्या सुधारणेसाठी ठेवलेला होता. रक्कम थोडी होती, पण दार उघडं होतं. नव्या योजनेत ते बंद झालं. आणि केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच ‘पहल’ नावाचा ग्रामीण घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढला, त्यात जागोजागच्या हवामानाला धरून, तिथल्याच सामानानं घरं कशी बांधावीत याची चित्रं आहेत. म्हणजे वरच्या मजल्यावर मातीचं आणि बांबूचं कौतुक, आणि खालच्या मजल्यावर तेच घर पाडायची सूचना. मधल्या जिन्यात कुणीतरी हे एकमेकांना सांगायला हवं होतं.

आम्ही अंदाज काढून घेतलाय. पश्चिमेच्या भिंतीचे खालचे दोन रद्दे नव्यानं, सहा वासे, पडवीवर मंगलोरी कौलं, न्हाणीघर आणि वायरिंग, सुतार-गवंड्यासकट पासष्ट हजार. घरकुलाच्या जवळपास निम्मे. त्यात घर आणखी चाळीस वर्षं जाईल असं सुतार म्हणतो. सुतार साठीचा आहे, चाळीस वर्षांनी त्याला विचारायला जाता येणार नाही हे मान्य.

चौथी तक्रार छोटी. नैसर्गिक आपत्तीतल्या मदतीचे केंद्राचे २०२२ ते २०२६ साठीचे निकष बघा. घराची अंशतः पडझड झाली तर पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००. फांदी पडायची तशीच पडते. तिला शेरा वाचता येत नाही. मोडलेला वासाही बाजारात त्याच भावाला मिळतो.

पाचवी लाकडाची. ऐन, किंजळ, फणस ही तिन्ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे आपल्या मालकीचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. कायदा असावाच, नसता तर आमच्या डोंगरावर आज एक झाड दिसलं नसतं. पण घराचा एक खांब बदलायला एक ऐन पाडायचा असेल तर त्यालाही तेच हेलपाटे. आम्ही अर्ज केला मार्गशीर्षात आणि आषाढात वाट बघायची सोडली. शेवटी खांब आणला कुठून? शेजारच्या गावात घरकुलासाठी पाडलेल्या एका घरातून, जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून.

हे व्यापारी आता दर उन्हाळ्यात टेम्पो घेऊन फिरतात. घरकुलाच्या याद्या त्यांना तुमच्या सूचनाफलकाच्या आधी ठाऊक असतात. पाडायला निघालेल्या घराचे खांब, तुळया, कोरलेल्या चौकटी घनफुटावर घेतात आणि पडेल भावात घेतात, कारण पावसाच्या आत जोतं मोकळं करायचं असतं. ते लाकूड मग रिसॉर्टांत आणि फार्महाऊसांत जातं. माझी भाची पुण्याहून फोटो पाठवते, हॉटेलात कोकणी ओटी केलीय, खांब आहेत, झोपाळा आहे, एका थाळीचे सहाशे रुपये. आमच्याकडे होतं तेव्हा ते कच्चं होतं. तिथं गेलं की त्याला वारसा म्हणतात.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला माणसं गेली ती दगड-मातीच्या घरांखाली गेली, हजारोंनी गेली. त्यानंतर मातीचं घर म्हटलं की सरकारी माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि यावा. पण तिकडची घरं वेगळी होती. जाड दगडी भिंती आणि वर मातीच्या माळवदाचं ओझं. आमच्याकडे वर कौलं आणि वासे, आणि भार भिंतीवर नाही, लाकडी सांगाड्यावर. भिंत पडली तरी छप्पर उभं राहतं. दोन्हींना एकच ‘मातीचे’ म्हणून मोकळं व्हायचं असेल तर पाहणी कशाला करायची, नकाशावर रेघच ओढा.

आणि मातीच्या घराचे हाल मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेले नाहीत, माझे गुडघे साक्षी आहेत. दर आठवड्याला सारवण, दसऱ्यानंतर जमीन चोपून करणं, वैशाखात शाकारणी, पावसाआधी पश्चिमेला झापांची झडी बांधणं. हे सगळं बहुतेक बाईच करते. पुरुष वर चढून कौल लावतात, त्याचा फोटो येतो. खालून कौल कोण देतं ते फोटोत नसतं. कौलांतून विंचू पडतो. उंदीर कुठून येतो हे शोधायला आयुष्य पुरत नाही. ज्या बाईला हे नको असेल आणि फरशी-स्लॅब हवा असेल तिला तो मिळायलाच हवा, आणि तिला ‘परंपरा सोडू नका’ असं सांगायला पुण्या-मुंबईहून कुणी येऊ नये. आमच्या वाडीत अशी घरं आहेत जी खरंच मोडकळीला आलीत. एका म्हाताऱ्या आजींच्या घराची मागची भिंत बाहेर झुकलीय. त्यांना नोटीस देऊन काय होणार? त्यांना घर द्या, याच पावसाच्या आत द्या. अकरा घरांत ते एक घर खरं धोक्याचं होतं आणि ते अकरांत हरवलं. सरसकट नोटिशीचं हेच होतं.

म्हणून मागण्या, साध्या भाषेत:

वाडीतल्या अकरा घरांच्या नोटिसा मागे घ्या आणि एकेका घरात येऊन पाहणी करा. सोबत लाकूडकामातला जाणता माणूस असू द्या. आमच्या पंचक्रोशीत अजून तिघे सुतार आहेत ज्यांना नुसतं ठोकून खांब पोकळ आहे की भरीव हे सांगता येतं. जे घर धोक्याचं निघेल त्याचं कारण लेखी द्या, कुठली भिंत, कुठला खांब. धोका नसेल तर तेही लेखी द्या.

घर कशाचं आहे यावरून नाही, टिकाऊ आहे की नाही यावरून शेरा मारा. २०२७ च्या जनगणनेच्या आणि पुढच्या प्रत्येक पाहणीच्या आकड्यांवरून कच्चं-पक्कं ठरवताना लाकडी सांगाड्याच्या, जोत्यावरच्या मातीच्या घराला स्वतःची ओळ द्या. नमुना ८ मध्ये ‘झोपडी किंवा मातीची इमारत’ यातला ‘किंवा’ काढा.

घरकुलाची रक्कम, पूर्ण नको, निम्मी तरी, जुनं घर दुरुस्त करायला वापरता येईल अशी सोय परत आणा. एकदा नकार लिहून दिलेल्यांना त्यात पुन्हा अर्ज करता आला पाहिजे. ज्यांना पाडायला तोंडी सांगितलं गेलं त्यांच्या ‘स्वेच्छेने’ लिहिलेल्या नकारांची फेरतपासणी व्हावी.

आपत्तीतली मदत मोडलेल्या भागाच्या खर्चावर ठरवा. आणि स्वतःच्या घराच्या दुरुस्तीसाठी स्वतःच्या जमिनीतलं एखाद-दुसरं झाड तोडायचं असेल तर पंधरा दिवसांत हो किंवा नाही कळवा. हवं तर एकाच्या बदल्यात दहा लावून घ्या. आमच्या आजेसासऱ्यांनी खांबांसाठी तोडलेल्या ऐनांच्या जागी जे लावले ते आज वरच्या रानात उभे आहेत, मोजायला या.

पाहणीला यायचं असेल तर कळवून या, दुपारी बारानंतर या, सकाळी सारवलेली जमीन ओली असते. आणि फोटो पुढच्या अंगणातून काढा. रेंज नसली तरी फोटो निघतो. पाठवायला मग गोठ्यामागे जाता येईल.

आपली,
वरच्या वाडीतली एक सून
(दक्षिण रत्नागिरी)

ता. क. : नोटीस माझ्या आजेसासऱ्यांच्या नावानं आली आहे, कारण घरपट्टीच्या वहीत अख्खं घर अजून त्यांच्याच नावावर आहे. ते १९७१ साली वारले. पोच म्हणून मी सही केली. ती चालते का, की वारसनोंद होईपर्यंत नोटीस थांबते, एवढं आधी कळवावं.